हादग्याच्या कागदावरच्या आफ्रिकेच्या बाया

गेल्या मार्चात आमच्या मंडळानं मला पहिल्या रांगेत बसवलं. निवृत्त चित्रकला शिक्षिका, वयानं ज्येष्ठ, आता काही बोलायची नाही, असा त्यांचा हिशेब असावा. विषय होता आफ्रिकेच्या इतिहासातल्या उपेक्षित स्त्रिया, आणि प्रकार होता सचित्र काव्यवाचन. पडद्यावर एकेक चित्र यायचं आणि त्याच्या शेजारी उभी राहून कुणाची तरी सून कविता वाचायची. चित्रं फोनवरून उतरवलेली होती. बाया सगळ्या सडपातळ, सोन्यानं मढलेल्या, आणि प्रत्येकीच्या मागे हमखास मावळता सूर्य. कवितेत प्रत्येकीच्या हातात तलवार होती. पहिली बाई 'आफ्रिकेची झाशीची राणी' निघाली. म्हटलं, ठीक आहे. दुसरीही तीच निघाली. कार्यक्रम संपेपर्यंत त्या अख्ख्या खंडात झाशीशिवाय दुसरं गाव उरलं नाही.

टाळ्या झाल्या, समोसे आले. एक सून माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, विषय एकदम नया है ना? आपल्या इथे आधी कुणी केलाच नाही." माझ्या तोंडात समोसा होता म्हणून ती वाचली.

या बाया झाशीत पहिल्यांदा आल्या त्या माझ्या हातून आल्या, हादग्याच्या कागदावर. आणि त्यांना इथे आणलं माझ्या आत्यानं. त्यांचं इथे काय झालं ते मी आता लिहून ठेवते. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही. जिवंत माणसांची घातली तर त्यांची नातवंडं भांडायला येतील, आणि मेलेल्यांची घातली तर मंडळ त्यांची जयंती करील.

आधी मंडळाविषयी सांगते. झाशीतली जुनी मराठी घराणी दतिया गेटच्या आसपास आणि जुन्या शहरात राहणारी. ज्याच्या त्याच्या खापरपणजोबांना राणीच्या दरबारात मान होता. एवढी माणसं खरोखर दरबारात असती तर राणीला बसायला जागा मिळाली नसती, आणि एवढी लढली असती तर किल्ला पडला नसता. आम्ही रेल्वेवाले. वडील बदलीवर आलेले क्लार्क, राहायला सरकारी क्वार्टर. जुन्या घराण्यांच्या लेखी आम्ही धर्मशाळेतले उतारू. पण गणपतीला वर्गणी आणि फेराला मुली लागतात, म्हणून मंडळात आम्हाला घेतलं होतं. वर्गणी देताना आम्ही मराठी असायचो, पंगतीत बसताना रेल्वेवाले.

आत्या मोंबासाहून आली तेव्हा मी शाळेच्या वरच्या वर्गात होते. तिचे यजमान तिथल्या रेल्वेत होते. आमच्या घराण्याला रेल्वेशिवाय काही सुचतच नाही, समुद्र ओलांडला तरी रुळांवरच. तिथेच ते गेले. पुढे तो देश स्वतंत्र झाला, आपल्या लोकांच्या नोकऱ्या आटल्या, आणि मूलबाळ नसलेली आत्या एक पत्र्याची पेटी आणि शिवणाचं मशीन घेऊन भावाकडे आली. रंगानं सावळी, आवाजानं खणखणीत, कपाळ मोकळं. तिची मराठी जुन्या वळणाची होती आणि मध्येच तिकडचे शब्द यायचे. मी भरभर जेवू लागले की ती म्हणायची, "पोले पोले." म्हणजे सावकाश.

शेजारच्या बायका तिला बघायला आल्या. इथे बायका बघायलाच येतात. एकीनं विचारलं, "वहां शेर दिसायचे का हो?" आत्या म्हणाली, "हो तर. आमच्याकडे दूध घालायला यायचा." त्या बाईला हसावं की नाही ते कळलं नाही. आमच्या आईला कळलं आणि ती घाबरली. आई मंडळातल्या बायकांना फार भ्यायची. "वन्सं," ती रात्रीचा स्वयंपाक करताना म्हणाली, "इथे जरा बेतानं बोला. या बायका उचलली जीभ लावली टाळ्याला अशा आहेत, आपण कशाला त्यांच्या तोंडी लागा."

आत्यानं ते ऐकून घेतलं. पण तिला एकच गोष्ट खटकत होती, आणि ती तिनं स्पष्ट बोलून दाखवली. मोंबासाला मराठी घरं इनमीन मूठभर. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की तिथेही बायका-मुली जमून पाटावर हत्ती काढायच्या, फेर धरायच्या. यजमान गेल्यावर पहिल्या वर्षी आत्या घरी बसून राहिली, तर शेजारणी तिला ओढत घेऊन गेल्या. "माणसंच एवढी कमी होती," ती म्हणायची, "की सोवळं परवडायचंच नाही. मला वगळलं असतं तर फेर कसला, रांग झाली असती." इथे मात्र आल्या आल्या एका बाईनं आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुमच्या नणंदबाईंना हळदीकुंकवाला आणू नका, त्यांनाच वाईट वाटेल. आपण कुणाला वगळतो तेव्हा त्याच्याच भल्यासाठी वगळतो, ही आमची खास शोधून काढलेली रीत. आत्याला फेरात उभं राहायचं होतं. त्या वर्षी तिनं दुसरं काही मागितलं नाही.

हादगा आला. आमच्या कॉलनीतल्या मुली जमल्या. बुंदेली शेजारणींच्या मुलींचा मामुलिया हा असाच सण, म्हणून त्या आमच्या हादग्याला "तुमाई मामुलिया", म्हणजे तुमची मामुलिया, म्हणायच्या आणि दारात उभ्या राहून कौतुकानं बघायच्या. आमच्या मुलींना घरात मराठी कळायची, पण बोलायच्या हिंदीत, आणि गाणी म्हणायच्या पोपटासारखी. आत्यानं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी लग्न होऊन गेले, समुद्रापार संसार केला, परत आले, आणि गाण्यातली सासू अजून तेच करतेय? तिला जरा विश्रांती द्या. मी नवी गाणी देते."

नव्या गाण्यांतल्या बाया तिला मोंबासाच्या शेजारणीनं दिल्या होत्या. ती शेजारीण तिथलीच, शाळेत शिकवणारी. आत्याचे यजमान गेले तेव्हा ती समाचाराला आली. आपल्याकडे समाचाराला येणारी बाई आधी पदर डोळ्याला लावते आणि मग पेन्शन किती बसेल ते विचारते. ही बाई तसलं काही न करता जवळ बसली आणि तिच्या मुलखातल्या एका बाईची गोष्ट सांगू लागली. ती बाई त्याच किनाऱ्यावरची. इंग्रज साहेब गावातली तरुण पोरं लढाईसाठी उचलायला आला, तेव्हा ती गावोगाव नाचत गेली आणि नाचायला जमलेल्या माणसांना तिनं उठवलं. साहेबासमोर कोंबडी आणि पिलं ठेवून म्हणाली, उचल एक पिलू. त्यानं उचललं, तर कोंबडी धावून चोच मारायला आली. एका पिलापायी ही एवढं करते, तर पोरांपायी आम्ही काय करू ते समजून घे, असं ती त्याला म्हणाली. तिला पकडून किनाऱ्यापासून लांब, मुलखाच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं. ती तिथून पळाली आणि चालत घरी आली.

आणि ती विधवा होती. शेजारणीनं हे मुद्दाम सांगितलं. त्यांच्यात विधवेला पंचांसमोर उभं राहून बोलायची मोकळीक असे, म्हणून ती बोलू शकली. आत्या म्हणायची, "त्या दिवशी मला कळलं की आता मी गप्प बसायचं आहे हे कुठल्या देवानं सांगितलेलं नाही, ते आपल्याच बायकांनी सांगितलंय."

गाणी ती मशीनवर शिवता शिवता करायची. मशीनच्या पायडलच्या तालावर ओळ जुळायची, शिवण चुकायची. आईच्या एका पोलक्याला तर त्या दिवसांत दोन्ही बाह्या वेगवेगळ्या मापाच्या लागल्या. कोंबडीचं गाणं असं झालं:

पिलू उचललं बाई, पिलू उचललं,
साहेबानं अंगणातून पिलू उचललं.
कोंबडी धावली बाई, चोच मारली,
साहेबाची ऐट सारी धुळीत सारली.
एका पिलासाठी तिनं केलं एवढं,
आमची पोरं नेशील तर करू केवढं!

मुलींना ते लगेच आवडलं. 'केवढं' म्हणताना सगळ्या एकदम पाय आपटायच्या.

दुसरं गाणं एका राणीच्या दासीचं. ती राणी आफ्रिकेच्या पलीकडच्या, पश्चिम किनाऱ्यावरची. पोर्तुगीज गव्हर्नराशी बोलणी करायला गेली तर त्यानं स्वतःला खुर्ची ठेवली आणि तिला खाली चटई टाकली. राणीनं दासीला खूण केली, दासी गुडघे-कोपर टेकून ओणवी झाली, आणि राणी तिच्या पाठीवर बसून बरोबरीनं बोलली. ही गोष्ट जो सांगतो तो राणीची वाहवा करून थांबतो. आत्या थांबली नाही. "राणीचं गाणं कोणीही करील," ती म्हणाली. "बोलणी किती वेळ चालली असतील? त्या पाठीचं गाणं कोण करणार?"

राणीला खुर्ची नाही दिली गं बाई,
दासीची पाठ पुढे झाली गं बाई.
राणी बोलली, राज्य बोललं,
पाठीचं दुखणं कुणी नाही तोललं.
पाठीला विचारा गं, पाठीला विचारा,
दुखलीस का बाई, पाठीला विचारा.

चित्रं माझ्याकडे आली. वडिलांनी कचेरीतून जुन्या वेळापत्रकांचे मोठे कागद आणून दिले, पाठीमागे कोरे. ते जोडून एक अवाढव्य कागद केला. मधे हत्ती, भोवती बाया, बाईच्या खाली तिचं गाणं. मी मोठ्या ऐटीत पहिली बाई काढली. आत्यानं बघितलं आणि म्हणाली, "ही तर कॅलेंडरवरची लक्ष्मी. नुसती काळी केलीस." खरंच होतं ते. मला तोवर बाईचे डोळे मासोळीसारखे आणि कंबर नसल्यासारखी असते एवढंच ठाऊक होतं. आत्यानं मला घरातून बाहेर हाकललं. "स्टेशनात बायका कोळशाच्या पाट्या वाहतात ना, त्यांची मान बघून ये. खांदा बघून ये." मी गेले, लांब उभी राहून कितीतरी संध्याकाळी बघत राहिले. पुढे जन्मभर मुलींना चित्रकला शिकवली, पण मी स्वतः शिकले ती तिथे. रंगाच्या डबीतला तपकिरी पुरेना, म्हणून गेरूत काजळ खलून रंग केला. हत्तीचे कानही तिनं मोठे करायला लावले, तिकडच्या हत्तीसारखे, खांद्यावरून खाली आलेले.

किनाऱ्यावरच्या बाईचं कपाळ रंगवून झालं तेव्हा मी सवयीनं लाल रंगात ब्रश बुडवला. आत्यानं माझा हात धरला. "तिथे काही नको," म्हणाली. "ते तसंच राहू दे. तिचं मोकळं कपाळ हीच तिची ताकद होती."

कॉलनीतल्या मुलींची ही गाणी गावभर झाली आणि अध्यक्षबाईंच्या कानावर गेली. अध्यक्षबाई म्हणजे मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्ष, दतिया गेटच्या. त्यांच्या घरी म्हणे राणीनं दिलेला शेला होता. म्हणे, कारण तो कुणी पाहिला नव्हता. त्या वर्षी मंडळाच्या हादग्याला रेल्वेतल्या बड्या साहेबांची पत्नी पाहुणी म्हणून येणार होती, आणि अध्यक्षबाईंना काहीतरी नवं दाखवायचं होतं. म्हणून त्या आमच्या क्वार्टरात आल्या, पहिल्यांदाच. खुर्चीवर बसण्यापूर्वी पदरानं ती पुसली. आईनं ते बघून नव्यानं चहा टाकला.

कागद बघून त्या बराच वेळ 'अरे वा' म्हणत राहिल्या. मग सुरू झाल्या. "हत्तीचे कान जरा कमी करता येतील का? अपने यहां ऐसा नहीं होता. आणि बाया जरा उजळ कर गं बेटा, अगदीच काळ्या दिसतात."

"उन्हात वाळत घालू का?" आत्या म्हणाली.

अध्यक्षबाई हसल्या. त्यांना टोमणा कळला नाही असं नाही, पण पाहुणी यायचा दिवस जवळ आला होता. "आणि ताई, एखादी घोड्यावर दाखवली तर? बरं दिसेल."

आत्यानं सांगितलं की जिथे ती बाई राहायची तिथे घोडे नव्हते, आणि ती पायी चालली हीच तर गोष्ट आहे. अध्यक्षबाईंचा चेहरा पडला. घोड्याविना शूर बाई ही कल्पनाच त्यांना पचेना. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, तसं घोड्यावर वाढलेल्यांना पायी चालण्याची काय.

शेवटी आत्या म्हणाली, "कागद न्या, गाणी न्या, मुलींना मी शिकवते. माझी एकच अट. मी स्वतः फेरात उभी राहून म्हणणार."

आईनं घाईघाईनं बिस्किटांची बशी पुढे केली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हो हो, बघू ना." मराठी माणूस 'बघू' म्हणाला की समजावं, त्यानं डोळे मिटले. आत्या बाहेरगावी राहिलेली, तिला तो होकार वाटला. त्या रात्री तिनं पेटीतून पांढऱ्यावर निळ्या काठाचं लुगडं काढलं आणि उशाखाली ठेवलं, घडी नीट बसावी म्हणून.

मंडळाच्या सभागृहात शेवटच्या दिवशीचा हादगा. भिंतीवर राणीची मोठी तसबीर, घोड्यावरची, पाठीशी बांधलेलं मूल. तिला हार घातलेला, आणि दर समारंभाला लावतात तसं काचेवर कपाळाच्या जागी ठसठशीत कुंकू लावलेलं. मधल्या खांबाला टेकवून चौरंगावर आमचा कागद उभा केला. तो बघून मला असा अभिमान वाटला की रडू येईल. तेवढ्यात अध्यक्षबाई करंडा घेऊन पुढे झाल्या आणि कागदावरच्या एकेका बाईच्या कपाळावर बोटानं कुंकू लावत गेल्या. "मोकळ्या कपाळाची बाई हादग्यात बरी नाही," त्या मागे वळून म्हणाल्या. किनाऱ्यावरच्या बाईलाही लावलं. दासीचं तोंड जमिनीकडे होतं, तिच्या डोक्यावरच टेकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत्याला शोधू लागले, तर तिला त्यांनी तोवर सभागृहात राहूच दिलं नव्हतं. मागच्या व्हरांड्यात, खिरापतीच्या डब्यांशेजारी, तिच्यासाठी एक खुर्ची मांडली होती.

"ताई, तुम्ही इथे बसा. हवा छान येते," अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या.

आत्या त्यांना म्हणाली, "आपलं ठरलं होतं."

"हो, पण पाहुण्या आल्यात ना. सबके सामने... तुम्हीच समजून घ्या. गाणी तर तुमचीच आहेत, आम्ही सांगू ना सगळ्यांना."

आत्या बसली. आई तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि डब्यांची झाकणं उघडून पुन्हा लावू लागली. आत्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागाचा नव्हता तो. एखाद्या लहान मुलीला खेळायला घेतलं नाही की होतो, तसा होता, आणि मला त्या सगळ्या बायकांची किळस आली.

फेर सुरू झाला. मी फेरात होते, माझ्या शेजारी एक जागा मोकळी, तिच्या पलीकडे अध्यक्षबाईंची मुलगी. गणपतीचं गाणं झालं, मग नवी गाणी लागली. आदल्या दिवशी अध्यक्षबाईंनी आपल्याकडच्या मुलींना वेगळी तालीम दिली होती, हे आम्हा कॉलनीच्या मुलींना तिथे कळलं. दासीचं गाणं त्यांनी गाळलंच होतं. पाठीचं दुखणं पाहुण्यांसमोर कशाला! आणि कोंबडीच्या गाण्याच्या शेवटी, आम्ही पाय आपटायला जाणार तोच, त्या मुलींनी मोठ्यानं म्हटलं:

अशी झाली गं बाई, अशी झाली,
आफ्रिकेला झाशीची राणी मिळाली!

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. आणि व्हरांड्याच्या दारातून आत्या आत आली. कुणी तिला अडवलं नाही, कारण कुणाला ती येईल असं वाटलंच नव्हतं. ती सरळ कागदापाशी गेली आणि पदराच्या टोकानं किनाऱ्यावरच्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसू लागली. कुंकू पसरलं, खालचा गेरूही थोडा निघाला.

"अहो ताई!" अध्यक्षबाई ओरडल्या. "हे काय करताय? अशुभ आहे ते!"

"ही विधवा होती," आत्या म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना. दुसरी घेतली असती. सवाष्ण."

"दुसरी नव्हती. उठून बोलली ती हीच. विधवा होती म्हणून बोलू शकली, त्यांच्यात तसं होतं."

"असेल त्यांच्यात." अध्यक्षबाईंनी भिंतीकडे हात केला. त्यांना वाटलं, आता आपण जिंकलो. "ही झाशी आहे, ताई."

आत्यानं त्यांच्या हाताच्या दिशेनं तसबिरीकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं, तिनं विचारलं, "ही घोड्यावर बसली तेव्हा हिला नवरा होता?"

सगळ्या सभागृहाला उत्तर ठाऊक होतं. तिथल्या शेंबड्या पोरालाही राणीची अख्खी गोष्ट तोंडपाठ होती, राजा कधी गेला, दत्तक कधी घेतलं, सगळं. त्याच गोष्टीवर ही घराणी जगत होती. आणि तरी वर्षानुवर्षं त्या काचेवर कुंकू लावताना एकाही बाईचं बोट अडखळलं नव्हतं. माझंही नव्हतं, मीही त्याच शहरात वाढले होते.

अध्यक्षबाई शेवटी म्हणाल्या, "राणीची गोष्ट वेगळी."

"कशी?"

"म्हणजे... ती राणी होती. देशासाठी मेली ती."

"म्हणजे विधवा मेली की फेरात घेता," आत्या म्हणाली. "मला एवढा वेळ नाही."

आणि ती माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. एका हातानं तिनं माझा हात धरला. दुसरा हात तिनं अध्यक्षबाईंच्या मुलीपुढे केला. मुलीनं आईकडे पाहिलं. आई पाहुण्यांकडे पाहत होती, पाहुण्या आपल्या जोडव्यांकडे. मागच्या रांगेतल्या काही बायका उठून चपला शोधू लागल्या. त्या मुलीनं परकराला हात पुसला आणि आत्याच्या हातात दिला.

आत्यानं गाळलेलं गाणं सुरू केलं. निम्म्या मुलींना ते शिकवलंच नव्हतं, म्हणून ती एक ओळ म्हणायची आणि आम्ही सगळ्या तिच्या मागून म्हणायचो.